पुढच्या दाराचा देश

आमच्या बार्ले गावात घर कोणत्या देशात आहे, हे त्याच्या पुढच्या दारावरून ठरतं. बार्लेत हॉलंड आणि बेल्जियम एकमेकांत असे गुंतले आहेत, की हद्द कुणाच्या न्हाणीघरातून जाते, तर कुणाच्या पलंगाखालून. रस्त्यावर ती पांढऱ्या फुल्यांनी दाखवलेली आहे. भिंतीपाशी फुल्या संपतात. आत ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. माझ्या बैठकीच्या खोलीतून ती तिरकी जाते. पुढचं दार हॉलंडमध्ये, म्हणून घर हॉलंडचं, मी हॉलंडचा आणि माझा करही हॉलंडचा. स्वयंपाकघर आणि मागचं दार मात्र हद्दीपलीकडे, बेल्जियमच्या जमिनीवर. जन्मभर मी सूप एका देशात करून दुसऱ्या देशात बसून पीत आलो, आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला गेल्या नोव्हेंबरापर्यंत वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात गोदेलीवनं मला एक प्रश्न विचारला.

गोदेलीवचं चौकात बटाट्याचे काप तळून विकायचं दुकान होतं. ती बेल्जियमची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा योरिस बेल्जियमच्याच गेंट शहरात. दर शुक्रवारी मी तिच्या दुकानातून कापांची पुडी घ्यायचो, आणि दर सोमवारी, तिचं दुकान बंद असे तेव्हा, ती मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरात यायची. बिअरमध्ये शिजवलेल्या गोमांसाचं भांडं टेबलावर ठेवायची, आधी नेलेलं पुस्तक परत द्यायची आणि त्याच्यावर टीका करायची. "यातली बाई शेवटी मरते ते कशाला? थकली होती का लिहिणाऱ्याची बोटं?" असं काहीतरी. मी शाळेत लॅटिन शिकवलं. पण पुस्तकांविषयी तिच्याइतकं स्पष्ट मत मला कधी देता आलं नाही.

तर त्या शुक्रवारी ती झारा तेलात ठेवून म्हणाली, "मास्तर, हे दुकान विकलं जातंय. मालकाच्या पोरांना इथं फ्लॅट बांधायचेत. इस्टरपर्यंत वरची माझी खोलीही सोडायचीय."

"अरेरे," मी म्हणालो.

"अरेरे काय! योरिस म्हणतो, आई, गेंटला ये. आठव्या मजल्यावर जागा बघितलीय त्यानं. लिफ्ट आहे, लिफ्ट आहे, एवढंच सांगतो. मला काय लिफ्टमध्ये राहायचंय?" तिनं काप उपसले, मीठ मारलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमची वरची खोली रिकामीच असते ना?"

"पुस्तकं आहेत तिथं."

"पुस्तकं हलवता येतात, मास्तर."

मला घाम फुटला. तेलाची वाफही होती म्हणा. "म्हणजे तुम्ही... भाड्यानं?"

तिनं झारा उचलला आणि माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या दोन ट्रकवाल्यांकडे बघितलं. "भाड्यानं, म्हणतो. ऐकलंत? हा माणूस पोरांना शिकवत होता."

ट्रकवाले हसले. आता काहीतरी शहाणपणाचं बोलायलाच हवं होतं, आणि माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. "पण कराचं काय?" मी म्हणालो. "तुम्ही बेल्जियमच्या. माझ्याकडे आलात तर तुमचा देश बदलेल. आधी दोन्हीकडच्या प्राप्तिकराची तुलना करून बघावी लागेल. तुमचं नुकसान व्हायला नको."

मग तिनं पुडीवर मेयोनीजचा मोठा गोळा घातला. इतका ती कधी घालत नसे. "बरं," ती म्हणाली. "करा तुलना. किती वेळ लागेल?"

"आठवडाभर."

त्याला पुढे सगळा हिवाळा लागला.

कर म्हणजे भागाकार आणि टक्केवारी, असं मी समजत होतो. मी एक मोठा कागद घेतला, मधे उभी रेघ मारली, डावीकडे हॉलंड लिहिलं, उजवीकडे बेल्जियम. बेल्जियममध्ये कराचे दर भराभर चढतात, आणि वर गावाची वेगळी टक्केवारी. हॉलंडमध्ये म्हाताऱ्यांना खालचा दर कमी. म्हणजे हॉलंड बरं. मी तसं लिहिलं आणि चहा केला. चहा होईपर्यंत मला आठवलं, की हॉलंडमध्ये बँकेतल्या पैशावर सरकार एक व्याज कल्पून घेतं आणि जे व्याज बँकेनं दिलंच नाही त्याच्यावर कर लावतं. गोदेलीवनं जन्मभर कापांवर जे साठवलं होतं, ते सगळं बँकेत होतं. म्हणजे बेल्जियम बरं. पण बेल्जियममध्ये घराला भाडं कल्पतात, जे कुणी कुणाला देत नाही, आणि त्यावरून घरपट्टी ठरवतात. कल्पनेतलं व्याज जास्त वाईट की कल्पनेतलं भाडं? मी त्या दोन ओळी तीनदा खोडल्या.

तिचं पेन्शन बेल्जियमचं, माझं हॉलंडचं. हॉलंडचं सरकार एकट्या म्हाताऱ्याला जास्त देतं. दोघं एका घरात राहू लागले की कमी करतं. का, तर दोघांना एक चूल पुरते. हे वाचून मी बराच वेळ चुलीकडे बघत बसलो. मग लग्न केलं तर एक हिशेब, नुसतं एकत्र राहिलं तर दुसरा. 'लग्न' हा शब्द मी कागदावर लिहिला, पण फार बारीक अक्षरात. सोमवारी ती आली की कागद पालथा घालायचा, असं ठरवूनच टाकलं.

"अजून नाही झालं?" ती विचारायची.

"गुंतागुंत आहे."

"माझ्या तळणीचं तेल बदलायला मी एवढा विचार करत नाही," ती म्हणायची आणि भांडं ठेवून जायची.

जानेवारीत माझा मित्र तोन यानं गोंधळ दुप्पट केला. तोन गवंडी होता, आता गुडघे गेल्यामुळे दिवसभर कॅफेत बसतो. त्यानं माझा कागद उलटासुलटा करून बघितला.

"अरे लॅम्बर्ट, तिला कशाला हलवतोस? तूच जा की बेल्जियमला!"

"घर सोडून?"

"घर कशाला सोडतोस? तुझ्या बैठकीची डावी खिडकी बेल्जियमच्या बाजूला येते. ती फोडू, तिथं दार करू, आत्ताचं दार बुजवू. झालं! तू खुर्चीतून उठलाही नाहीस आणि परदेशी गेलास. गावात लोकांनी केलंय हे, काही नवीन नाही. दोन्हीकडच्या कचेऱ्यांत परवानगी काढायची, बास."

"पण मग कर किती पडेल?"

"ते मला काय ठाऊक? मी विटा लावतो."

म्हणजे आता तुलना दोनाची चार झाली. तिनं यायचं की मी जायचं. नुसतं राहायचं की ते बारीक अक्षरातलं. मी मोठे कागद आणले. मला वाटू लागलं, की आपण मुळातच मठ्ठ आहोत आणि लॅटिनमधला व्हर्जिल कळतो असं लोकांना जन्मभर भासवत आलो. शेवटी फेब्रुवारीत मी बेल्जियममधल्या टर्नहाउटला एका कर-सल्लागार बाईकडे गेलो. हद्दीवरच्या लोकांचेच हिशेब करणारी, चाळिशीची, हुशार दिसणारी बाई होती.

तिनं माझे कागद फार सभ्यपणे बाजूला ठेवले. "तुम्ही सरकारी शाळेत होता ना? मग तुमच्या पेन्शनवरचा कर, दोन देशांतल्या करारानुसार, तुम्ही कुठेही राहिलात तरी बहुधा हॉलंडच कापणार."

"म्हणजे मला काहीच फरक पडत नाही?"

"पडतो. कारण बेल्जियम त्यावर कर कापणार नाही, पण तुमच्या बाकीच्या उत्पन्नावर दर ठरवताना ते पेन्शन मोजणार."

"कापणार नाही, पण मोजणार."

"बरोबर. शिवाय दोन देशांत नवा करार झालाय. लागू झालेला नाही."

"कधी होईल?"

ती हसली. मग तिनं एक कोरा कागद घेतला. "आपण मुळापासून जाऊ. घर हद्दीवरच असलं, की करारात पुढचा प्रश्न येतो: माणसाच्या जीवनाचं केंद्र कुठे आहे?"

"माफ करा, कशाचं?"

"जीवनाचं केंद्र. तुमचे जवळचे संबंध ज्या देशात जास्त, ते. जेवता कुठे, झोपता कुठे, मित्र कुठले, डॉक्टर कुठला."

"झोपतो हॉलंडमध्ये," मी सांगितलं. "पलंग पूर्वी हद्दीवर होता, पण वाऱ्यामुळे सरकवला. वाचतो दोन्हीकडे. शब्दकोश हॉलंडमध्ये आहेत, कविता बेल्जियममध्ये. दाताचा डॉक्टर बेल्जियन. तो चांगला नाही."

ती लिहीत होती. "आणि जवळची माणसं?"

"एक आहे," मी म्हणालो, आणि माझे कान तापले. "शुक्रवारी ती चौकात असते, म्हणजे बेल्जियममध्ये. सोमवारी माझ्या स्वयंपाकघरात. तेही बेल्जियम, पण घर हॉलंडचं."

तिनं पेन खाली ठेवलं. "या माणसाला तुम्ही विचारलंय का, की तिला कुठे राहायचंय?"

"आधी आकडे काढावेत असं मला वाटलं."

तिनं माझ्याकडून ठरल्यापेक्षा कमी फी घेतली. त्याचा अर्थ काय, हेही मला कळलं नाही.

इस्टरच्या आधीच्या सोमवारी गोदेलीव आली तेव्हा भांडं आणलं नव्हतं. पुस्तक मात्र परत आणलं होतं. नवं मागितलं नाही. मी घाईघाईनं कागद टेबलावर पसरले, अगदी पालथा घालायचा तोसुद्धा.

"हे बघा. तुम्ही इकडे आलात तर हा रकाना. मी खिडकीतून, म्हणजे दार हलवून बेल्जियमला आलो तर हा. नवा करार लागू झाला तर मात्र हे दोन्ही चूक. आणि ह्या दोन चौकटी अजून रिकाम्या आहेत, कारण..."

"मास्तर, आठव्या मजल्यावर किती कर पडतो?"

"गेंटला? गावाची टक्केवारी बघावी लागेल..."

"शनिवारी योरिस गाडी घेऊन येतोय."

मला सल्लागार बाईचा प्रश्न आठवला. "तुम्हाला कुठे राहायला आवडेल?" मी विचारलं. "हॉलंडमध्ये की बेल्जियममध्ये?"

ती उठली. कोटाची बटणं लावली. "मी तुमच्याकडे किती वर्षं येतेय?"

"बरीच."

"मागच्या दारानं. बरोबर? मागच्या दारानं काय, सगळेच येतात. पोस्टमन येतो, तोन येतो, शेजाऱ्याचं मांजर येतं. पुढचं दार कशाला असतं ते तुम्हाला ठाऊक आहे." आणि ती मागच्या दारानं गेली.

आमच्याकडे पुढचं दार फार थोड्या गोष्टींसाठी उघडतात. नवरी आत येताना आणि माणूस कायमचा बाहेर जाताना. नोटरी आला तर कधी कधी. माझं शेवटचं उघडलं ते आई गेली तेव्हा. नंतर दारामागच्या बोळात काही काम उरलं नाही म्हणून मी दाराला लागून शब्दकोशांचं कपाट ठेवलं. ज्या दारावरून माझा देश ठरत होता, त्याचा आतला रंग कोणता हेही मला आठवत नव्हतं.

तरीही मला नीट कळलं होतं असं म्हणता येणार नाही. दार हलवा असं तिला म्हणायचं होतं, की उघडा असं? की नुसताच टोमणा? चार दिवस मी हा प्रश्न मनात घोळवला. एकदा तर त्यासाठी नवा कागदही काढला. शनिवारी सकाळी तोन आला आणि मी त्याला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

तो म्हणाला, "लॅम्बर्ट, त्या बाईनं नोव्हेंबरात तुला मागणी घातली."

"ती खोलीबद्दल बोलत होती."

"आणि तू तिला टक्केवारी सांगतोयस. इस्टर आलं तरी! अरे देवा, किती शिकलास रे तू!" त्यानं बाह्या सरसावल्या. "कुठाय ते दार?"

आम्ही शब्दकोश काढून जिन्यावर रचले. कपाट ओढलं. दार हिरवं होतं. चावी फिरली, पण दार हललं नाही. इतक्या हिवाळ्यांत लाकूड फुगून चौकटीत बसलं होतं. चौकातून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"मी पहार आणतो," तोन म्हणाला. "तू जा आणि तिला थांबव."

"काय सांगू?"

"सांग, पहार आणतोय!"

मी मागच्या दारानं निघालो. घरातल्या सपाता पायात तशाच होत्या, हे चौकात पोहोचल्यावर कळलं. गाडी भरलेली होती. मोठी तळणी दोरीनं बांधलेली होती, आणि गोदेलीव फुटपाथवर, फुल्यांच्या रेघेवर, हातात एक कुंडी घेऊन उभी होती. वाटेत पाठ केलेलं सगळं मी विसरलो.

"दार उघडतंय," मी म्हणालो.

"कुठलं?"

"पुढचं."

"हलवलंत?"

"नाही. आहे तिथंच आहे. हॉलंडमध्ये. म्हणजे बहुधा तुमचं दरवर्षी नुकसान होईल, बँकेतल्या पैशावर. माझंही पेन्शन कमी होईल, एक चूल धरून. नक्की किती ते मला काढता आलं नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. मला खरंच कळत नाही हो, मला वाटतं मी आधीपासूनच..."

"मास्तर."

"हो."

"पुरे."

योरिसनं खिडकीतून डोकं काढलं. "आई, गाडी रस्त्यात उभी आहे. पोलीस येतील."

"कुठले?" ती म्हणाली. "ते आधी ठरवू देत." तिनं कुंडी माझ्या हातात दिली आणि चालू लागली. योरिस गाडी घेऊन हळूहळू आमच्यामागून येऊ लागला.

माझ्या घरापुढे आम्ही उभे राहिलो. आतून तोन पहार मारत होता आणि शिव्या देत होता. हिरवं दार थरथरलं, कुरकुरलं, आणि एका बाजूनं फटीइतकं उघडलं. समोरून जाणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानं ते बघितलं. तो थांबला आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"कोण गेलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"अजून कुणी नाही," गोदेलीव म्हणाली. "पण हे दार असंच अडून राहिलं तर सांगता येत नाही."

तोननं आणखी एकदा जोर लावला. दार अर्धवट उघडलं आणि फरशीत रुतून बसलं. त्यापुढे ते जाईना. गोदेलीवनं त्या फटीचं माप डोळ्यांनी घेतलं, मग स्वतःचं.

"मी काय शब्दकोश आहे, फटीतून सरकवायला?" ती म्हणाली.

मग तिनं बूट पायपुसण्यावर नीट पुसले. पायपुसणं नव्हतंच खरं तर, एवढ्या वर्षांत कुणी ठेवलं नव्हतं. तिनं ते उंबऱ्याच्या दगडावर पुसले. अंग तिरकं करून, श्वास आत घेऊन ती आत शिरली. कोटाचं एक बटण चौकटीत अडकून तुटलं आणि आत गडगडत गेलं. मी कुंडी घेऊन तिच्यामागून शिरलो. माझ्या घरात पुढून शिरण्याची सवय मलाही नव्हती, आणि क्षणभर मला वाटलं, की आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात आलो आहोत.

ती बोळात उभी राहून जिन्यावरच्या शब्दकोशांकडे बघत होती. "आता मी कुठे आहे?"

"हॉलंडमध्ये," मी म्हणालो. "त्या गालिच्याच्या टोकापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे जमीन बेल्जियमची, पण घर... मला वाटतं..."

ती गालिचा ओलांडून स्वयंपाकघरात गेलीही होती. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग किटली चुलीवर ठेवल्याचा. इस्टरची सुट्टी संपली की कचेरीत जाऊन नाव नोंदवावं लागणार होतं. तिथे पहिलाच प्रश्न 'लग्न की नुसतं एकत्र?' असा विचारतील ते मला ठाऊक होतं, आणि उत्तर ठाऊक नव्हतं. मी बटण शोधायला वाकलो.

बाहेर योरिस दोन्ही हातांत तळणी धरून उभा होता. अर्ध्या दाराकडे बघत तो घामाघूम झाला होता. "हे इथून आत जात नाही," तो ओरडला. "आई! ही कुठे ठेवू?"

"बेल्जियममध्ये!" ती आतून ओरडली.

त्यानं गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी बटण खिशात टाकलं आणि त्याला मागच्या दाराची वाट दाखवायला बाहेर पडलो.